बहुकेंद्री वैद्यकीय अभ्यासाचा डेटा कसा सांभाळावा: पहिल्या नोंदीच्या आधीपासून डेटा लॉकपर्यंत

बहुतेक बहुकेंद्री अभ्यास असे सुरू होतात: एथिक्स कमिटीची मंजुरी हातात पडते, मुख्य केंद्र फॉर्म छापून सगळीकडे पाठवतं, रुग्णांची नोंदणी चालू होते आणि डेटाबेस 'पुढच्या महिन्यात' तयार होणार असतो. तोवर प्रत्येक केंद्र आपापली एक्सेल शीट उघडून बसतं. एकाच्या शीटमध्ये 'होय' म्हणजे १, दुसऱ्याकडे २, तिसऱ्याकडे नुसती बरोबरची खूण. वर्षभराने या शीट जोडायला बसणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्या मदतीला येत नाही, कारण माहिती कुठल्या नियमाने लिहिली तो नियमच कुठे नोंदलेला नसतो.

पुढचे टप्पे इथे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. उदाहरणासाठी एक काल्पनिक अभ्यास धरू. गरोदर स्त्रियांमधल्या रक्तक्षयावर दोन उपचारांची तुलना करायची आहे. समन्वय केंद्र बेळगावात. नोंदणी खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी आणि हद्दीपलीकडे गडहिंग्लज इथे. म्हणजे सहा केंद्रं, दोन राज्यं, मराठी-कानडी दोन्ही भाषा, आणि बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या बायका. यातली शेवटची गोष्ट डेटाच्या दृष्टीने सगळ्यात अवघड आहे. ती चौथ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: जबाबदाऱ्या आणि परवानग्या कागदावर

डेटा मॅनेजर एकच असावा आणि तो समन्वय केंद्रात बसावा. डेटाबेसची रचना बदलण्याचा अधिकार फक्त त्याला. प्रत्येक केंद्रावर एक डेटा समन्वयक आणि त्याच्या जागी काम करू शकणारा दुसरा माणूस. हा दुसरा माणूस नेमायचं सगळेच टाळतात आणि गणपतीच्या आठवड्यात नोंदी थांबतात. संख्याशास्त्रज्ञ पहिल्या बैठकीपासून हवा. शेवटी विश्लेषणाला बोलावलेला संख्याशास्त्रज्ञ काय राहून गेलं एवढंच सांगू शकतो.

कोणाला काय करायची मुभा आहे याची डेलिगेशन लॉग ठेवा: नाव, काम, सही, आद्याक्षरं, सुरुवातीची नि शेवटची तारीख. नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

परवानग्यांचं थोडक्यात:

- प्रत्येक केंद्राला लागू असलेल्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी, फॉर्मच्या आवृत्ती क्रमांकासह.
- सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीवर, नोंदणी पहिल्या सहभागीच्या आधी. १ एप्रिल २०१८पासून तिथे नंतरची नोंदणी घेतली जात नाही.
- परदेशी निधी किंवा परदेशी संस्थेशी भागीदारी असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची म्हणजे एचएमएससीची मान्यता.
- सरकारी आरोग्य केंद्रांवर काम असेल, तर कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही आरोग्य खात्यांशी वेगवेगळा पत्रव्यवहार. एका राज्याचं पत्र दुसरीकडे चालत नाही.
- केंद्रांमधला डेटा करार: डेटा कुठे राहील, कोण उतरवून घेऊ शकेल, लॉक झाल्यावर, म्हणजे डेटा अंतिम ठरवून त्यात बदल बंद केल्यावर, केंद्राला स्वतःच्या डेटाची प्रत कधी मिळेल.

सावधान: संमतिपत्रात 'माहिती या रुग्णालयात गोपनीय ठेवली जाईल' एवढंच लिहिलेलं असेल, तर ती माहिती बेळगावला पाठवायला संमती नाही. 'अभ्यासाच्या समन्वय केंद्राकडे नावाशिवाय पाठवली जाईल' हे वाक्य दोन्ही भाषांत आहे का, ते छपाईआधी वाचा. नोंदणी झाल्यावर चूक लक्षात आली, तर प्रत्येक बाईकडे पुन्हा संमतीला जावं लागतं.

## टप्पा २: आधी शेवटचे तक्ते, मग शब्दकोश

फॉर्मपासून सुरुवात करू नका. अहवालात जे तक्ते छापायचे ते रिकामे काढा: रकाने, ओळी, मथळे, आकडे नाहीत. मग प्रत्येक चौकटीसाठी कुठली माहिती लागेल ते मागे शोधत या. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही तक्त्यात जात नाही आणि रुग्णाच्या सुरक्षेसाठीही लागत नाही, तो काढून टाका. इथे भांडणं होतात. 'विचारून तर ठेवू, पुढे उपयोगी पडेल' असं प्रत्येक वरिष्ठ डॉक्टर म्हणतो. असे चाळीस प्रश्न साठले, की परिचारिका मूळ दहा प्रश्नही घाईत उरकते.

उरलेल्या प्रत्येक चलासाठी, म्हणजे नोंदायच्या प्रत्येक बाबीसाठी, शब्दकोशात, म्हणजे कुठली माहिती कुठल्या नियमाने लिहायची याच्या यादीत, एक ओळ लिहा. हिमोग्लोबिनची ओळ अशी दिसेल:

- चलाचं नाव: इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता
- प्रश्न: मराठी मजकूर, कानडी मजकूर
- प्रकार: दशांश संख्या, एक दशांश स्थळ
- एकक: ग्रॅम प्रति डेसिलिटर
- अशक्य मर्यादा: ३पेक्षा कमी किंवा २०पेक्षा जास्त
- संशयास्पद मर्यादा: ५पेक्षा कमी किंवा १६पेक्षा जास्त
- पद्धत: सेल काउंटर, हिमोक्यू, साहली (वेगळं चल, सक्तीचं)
- मूळ नोंद कुठे: प्रयोगशाळेचा छापील अहवाल
- कोण भरणार, कुठल्या भेटीला

पद्धतीचा रकाना गाळू नका. साहलीने डोळ्याने रंग जुळवून काढलेला १०.५ आणि सेल काउंटरचा १०.५ एका रांगेत मांडता येत नाहीत, आणि एका केंद्रावर एक नि दुसऱ्यावर दुसरी पद्धत असेल तर दिसणारा फरक केंद्राचा की उपचाराचा हे कळत नाही.

नसलेली उत्तरं. रिकामी चौकट म्हणजे काय, हे कोणालाच कळत नाही. चार कारणांना चार संकेतांक द्या: लागू नाही, माहीत नाही, सांगायला नकार, विचारायचं राहिलं. संकेतांक ऋण ठेवा, जसे −९६ ते −९९. नुसता ९९ ठेवला तर वजन, वय, नाडी यांच्या खऱ्या आकड्यांत तो मिसळतो. ऋण आकडेही सरासरी काढण्याआधी वगळावे लागतात. ती सूचना शब्दकोशाच्या पहिल्याच पानावर हवी.

तारखा. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की 'संकष्टीच्या आदल्या दिवशी' किंवा 'जत्रेच्या आठवड्यात' असं उत्तर येतं. सगळ्या केंद्रांवर एकाच प्रकारचं कॅलेंडर भिंतीवर हवं. कालनिर्णय चालेल, चालू वर्षाचं आणि मागच्या वर्षाचं. तिथून तारीख काढा आणि शेजारी 'नक्की', 'दोन-तीन दिवस इकडेतिकडे', 'अंदाजे' यातला एक पर्याय नोंदवा. सोनोग्राफीवरून काढलेली तारीख वेगळ्या चलात. एकावर दुसरी लिहिली तर पहिली कायमची गेली.

भेटीचं अंतर दिवसांत लिहा. 'आठ दिवसांनी या' म्हटल्यावर कोणी सातव्या दिवशी येतं, कोणी आठव्या, आणि दोघींचंही बरोबर असतं. भेट दिवस ७, मुभा ३ दिवस मागेपुढे, असं छापा.

वयाचंही तसंच. आधार कार्डावर १ जानेवारी अशी जन्मतारीख असलेले लोक पुष्कळ असतात. ती खरी असेलच असं नाही. पूर्ण वर्षांतलं वय आणि ते कशावरून घेतलं हे दोन्ही नोंदवा.

## टप्पा ३: फॉर्म

शब्दकोश गोठल्यावर फॉर्म तयार करायला फार वेळ लागत नाही. काही नियम मात्र पाळायचेच.

मराठी आणि कानडी फॉर्मवर प्रश्न क्रमांक, पानांचा क्रम आणि संकेतांक तंतोतंत तेच असावेत. भाषांतर एकाने करावं, उलटं भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने. बेळगाव शहरात आणि निपाणी भागात नेहमी होणारी गोष्ट अशी की परिचारिकेच्या हातात कानडी फॉर्म असतो आणि समोरची बाई मराठी. मग परिचारिका जागच्या जागी भाषांतर करत विचारते आणि प्रत्येक वेळी प्रश्न थोडा बदलतो. प्रत्येक केंद्रावर दोन्ही भाषांचे फॉर्म ठेवा आणि मुलाखत कुठल्या भाषेत झाली याची चौकट पहिल्या पानावर द्या.

आकडे फक्त इंग्रजी लिपीत भरायचे. हाताने लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. नोंद करणारा सवयीने इंग्रजी वाचतो आणि वजन ४१चं ८९ होतं. हे कुठलीही मर्यादा-तपासणी पकडणार नाही, कारण ८९ किलो वजन शक्य आहे.

कागदावर महिना अक्षरांत लिहा. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर संगणकाचं मत त्याच्या सेटिंगप्रमाणे बदलतं. डेटाबेसमधून बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने.

खाडाखोड: एक आडवी रेघ, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख. व्हाइटनर केंद्राच्या टेबलावर असताच कामा नये.

## टप्पा ४: ओळख क्रमांक

सगळा अभ्यास या एका क्रमांकावर टांगलेला असतो, म्हणून इथे वेळ घालवा.

रचना: केंद्राचे दोन अंक, अनुक्रमाचे चार अंक, शेवटी एक तपास-अंक, म्हणजे आधीच्या अंकांवरून काढलेला, लिहिताना झालेली चूक पकडणारा अंक. केंद्राचे संकेतांक ०१पासून देऊ नका, ११पासून द्या. कारण साधं आहे: सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये दुहेरी क्लिकने उघडली की पुढचं शून्य उडतं, ०३०१४७ हा क्रमांक ३०१४७ होतो, आणि सेव्ह केलं की ते कायम होतं. १३०१४७ला ही भीती नाही.

तपास-अंक लूनच्या पद्धतीने काढा. १३-०१४७ हा क्रमांक घ्या. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचे: ७चे १४, १चे २, ३चे ६. दोन अंकी झालं तर अंकांची बेरीज घ्यायची, म्हणजे १४चे ५. उरलेले ४, ०, १ तसेच. एकूण ५+२+६+४+०+१ = १८. पुढच्या दशकाला म्हणजे २०ला दोन कमी, म्हणून तपास-अंक २. पूर्ण क्रमांक १३-०१४७-२. कोणी घाईत १३-०१७४-२ लिहिलं तर तिथे तपास-अंक ६ यायला हवा, आणि डेटाबेस ती नोंद घेणार नाही. शेजारचे ० आणि ९ उलटले तर मात्र ही पद्धत फसते. एवढी उणीव चालवून घ्यावी.

क्रमांक हाताने लिहायचेच नाहीत. प्रत्येक सहभागीसाठी छापील लेबलांचा संच करा: संमतिपत्र, प्रत्येक भेटीचा फॉर्म, प्रत्येक नमुन्याची नळी, आणि चार जादा. उरलेली लेबलं त्याच सहभागीच्या लिफाफ्यात राहतात, दुसरीला लावायची नाहीत. यादृच्छिक वाटपाचा (कोणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवण्याचा) क्रमांक आणि ओळख क्रमांक हे दोन वेगळे असावेत. एकच ठेवला तर क्रमांकावरून उपचाराचा अंदाज बांधता येतो.

माहेर-सासर आणि दुहेरी नोंद. निपाणीत नोंदवलेली बाई सातव्या महिन्यानंतर गडहिंग्लजला माहेरी जाते. तिथल्या केंद्रावर ती नवी रुग्ण म्हणून येते, तिला दुसरा क्रमांक मिळतो, निपाणीत ती 'संपर्क तुटला' अशी लागते. एकाच बाईच्या दोन अर्धवट नोंदी झाल्या, आणि मुख्य निष्कर्ष, म्हणजे प्रसूतीच्या वेळचं हिमोग्लोबिन, चुकीच्या नोंदीत गेलं.

नाव जुळवून हे सापडत नाही. लक्ष्मीबाई निपाणीत लक्ष्मीबाई असते, चिकोडीच्या दवाखान्यात लक्ष्मव्वा, कधी लक्कव्वा. माहेरचं आडनाव वेगळं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. आणि पाटील तर हद्दीच्या दोन्ही बाजूंना. म्हणून हे करा:

१. नोंदणीच्या वेळी आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी माता-बाल आरोग्य नोंदणीचा क्रमांक, उतरवा. कर्नाटकात तो तायी कार्डावर मिळतो, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्डावर.
२. पात्रतेच्या यादीत पहिला प्रश्न ठेवा: 'या गरोदरपणात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात अभ्यासासाठी नाव घातलं आहे का?' आणि सहभागींना अभ्यासाचं ओळखपत्र द्या, तायी कार्डाला पिन करून.
३. माहेरचं गाव, तिथला एक फोन आणि बाळंतपण कुठे करणार हे पहिल्याच भेटीत नोंदवा. ही माहिती नावांच्या गुप्त यादीत, मुख्य डेटाबेसमध्ये नाही.
४. आठवड्यातून एकदा डेटा मॅनेजरने सगळ्या केंद्रांच्या यादीत आरसीएच क्रमांक, फोनचे शेवटचे चार अंक आणि नवऱ्याचं पहिलं नाव जुळतं का पाहावं. तिन्हींपैकी दोन जुळले तर दोन्ही केंद्रांना फोन. या कामापुरती नावांची यादी त्याला दिसते हे करारात लिहून ठेवा.
५. केंद्र बदललं तरी ओळख क्रमांक बदलत नाही. स्थलांतराचा एक पानी फॉर्म भरायचा, आणि नवीन केंद्राला ती नोंद उघडून द्यायचं काम डेटा मॅनेजर करतो.

गावांची नावं मजकुरात टाइप करू देऊ नका. येळ्ळूर तीन प्रकारे लिहिलं जातं, आणि एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. सरकारच्या स्थानिक निर्देशिकेतले म्हणजे एलजीडीचे गाव-संकेतांक घेऊन उतरती यादी करा.

## टप्पा ५: डेटाबेस उभारणं

विद्यापीठं आणि ना-नफा संस्थांना रेडकॅप हे संशोधनाच्या डेटाचं सॉफ्टवेअर परवाना-करार करून मोफत वापरता येतं. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासांना ते पुरतं. दुसरं काही वापरणार असाल तर एवढं पाहा: कोणी, कधी, कुठला आकडा बदलला याचा मागोवा पुसता न येणारा आहे का, आणि केंद्रनिहाय प्रवेश बंद करता येतो का. गूगल शीटमध्ये दुसरी गोष्ट नीट जमत नाही. म्हणून सोय वाटली तरी ती नको.

रेडकॅपमध्ये प्रत्येक केंद्राचा डेटा ॲक्सेस ग्रुप करा. केंद्राला फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात. त्यामुळेच वरचं स्थलांतर केंद्राला स्वतः करता येत नाही.

तपासण्या दोन प्रकारच्या ठेवा. अशक्य आकड्याला नोंद अडवायची. संशयास्पद आकड्याला फक्त विचारायचं. सगळंच अडवलं तर लोक नोंद पुढे जावी म्हणून मर्यादेत बसणारा आकडा घालतात, आणि हा अनुभव कुठल्याही केंद्रावर येतो. एका चलाच्या तपासणीपेक्षा दोन चलांची जास्त उपयोगी: संमतीची तारीख पहिल्या तपासणीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची, प्रसूतीची तारीख पाळीच्या तारखेनंतर २० ते ४४ आठवड्यांत, दोन भेटींमध्ये उंची २ सेंटिमीटरपेक्षा जास्त बदललेली नाही.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज नि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही. तिथे टॅबलेटवर रेडकॅपचं ऑफलाइन ॲप. नियम दोनच: एक सहभागी एकाच टॅबलेटवर, आणि रोज संध्याकाळी रेंज असलेल्या ठिकाणी येऊन डेटा चढवणं. ॲप काढून टाकलं किंवा टॅबलेट रीसेट केला की न चढवलेला डेटा गेलाच.

तपासा: देवनागरी किंवा कानडी मजकूर असलेली एक नोंद भरा, फाइल बाहेर काढा, उघडा. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर फाइल बिघडलेली नाही. एक्सेलमध्ये ती दुहेरी क्लिकने न उघडता 'डेटा' मेनूतून यूटीएफ-८ निवडून आणा.

## टप्पा ६: रंगीत तालीम

हा टप्पा सगळे गाळतात. खरे रुग्ण नकोत. प्रत्येक केंद्राने पाच बनावट सहभागी तयार करायचे आणि पहिल्या फॉर्मपासून शेवटच्या भेटीपर्यंत सगळं भरायचं. पाचपैकी दोघींमध्ये मुद्दाम चुका पेरा: उलट्या तारखा, हिमोग्लोबिन १०५. उरलेल्या तिघींपैकी एक बाई मध्येच माहेरी गेलेली, एकीने संमती मागे घेतलेली, एक जुळ्यांची आई. जुळ्यांसाठी बाळाचा दुसरा फॉर्म उघडतो का? बहुतेक वेळा पहिल्या तालमीत तो उघडत नाही.

मग डेटा बाहेर काढून संख्याशास्त्रज्ञाला द्या. त्याने दुसऱ्या टप्प्यातले रिकामे तक्ते या तीस नोंदींवरून भरून दाखवायचे. एखादा तक्ता भरता येत नसेल तर शब्दकोशाकडे परत. तक्ते भरल्याशिवाय डेटाबेस चालू स्थितीत टाकू नका, आणि टाकण्याआधी बनावट नोंदी पुसल्या याची खात्री करा.

## टप्पा ७: केंद्र उघडणं

सहाही केंद्रं एकाच दिवशी उघडायचा मोह टाळा. पहिलं केंद्र उघडा, त्याचे पहिले दहा सहभागी पूर्ण तपासा, सापडलेल्या चुका दुरुस्त करा, मग पुढची. केंद्र उघडताना यादीवर खूण करा: मंजुरीचं पत्र, करार, डेलिगेशन लॉग, प्रशिक्षणाच्या सह्या, दोन्ही भाषांचे फॉर्म, लेबलं, कुलपाचं कपाट, दोन लॉगिन, प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादा.

एक लॉगिन दोघांनी वापरायचं नाही. हे सांगितलं की सगळे मान हलवतात आणि पासवर्ड संगणकाला चिकटवलेला सापडतो.

नावांची यादी, म्हणजे ओळख क्रमांकासमोर खरं नाव, कागदावर कुलपात किंवा वेगळ्या, कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) फाइलमध्ये. ज्या लॅपटॉपवर डेटा उतरवला जातो त्यावर ती नसावी.

सावधान: भरलेल्या फॉर्मचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा. तो फोटो दहा जणांच्या गॅलरीत राहतो, त्यावर नाव दिसतं, आणि पुढे कोणाकडे गेला हे कळायला मार्ग नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ही सवय महागात पडू शकते. शंका विचारायची असेल तर फक्त ओळख क्रमांक आणि प्रश्न क्रमांक लिहा.

## टप्पा ८: आठवड्याचं चक्र

सोमवारी डेटा मॅनेजर तपासण्या चालवतो आणि क्वेरी, म्हणजे शंका असलेल्या नोंदींबद्दलचे प्रश्न, पाठवतो. केंद्राने सात दिवसांत उत्तर द्यायचं. शुक्रवारी सगळ्या केंद्रांना एक पानी अहवाल: किती नोंदणी, किती फॉर्म यायला हवे होते नि किती आले, सात आणि चौदा दिवसांहून जुन्या क्वेरी, मुख्य निष्कर्ष नसलेल्या नोंदी. सहाही केंद्रं एकाच पानावर दाखवा. शेजाऱ्याच्या क्वेरी दोन नि आपल्या तीस दिसल्या की काम हलतं.

क्वेरी लिहिण्याची एक पद्धत आहे. 'हिमोग्लोबिन १७.२ चुकीचं, ७.२ करा' ही क्वेरी नव्हे, तो आदेश झाला, आणि केंद्र निमूटपणे ७.२ करतं. असं लिहा: 'भेट २, नोंदवलेलं हिमोग्लोबिन १७.२. मूळ अहवाल पाहून आकडा कळवा. बरोबर असल्यास तसं लिहा.' उत्तर मूळ कागदावरून यायला हवं. डेटा मॅनेजरने स्वतः आकडा कधीच बदलायचा नाही, चूक ढळढळीत दिसत असली तरी.

मूळ कागदाशी पडताळणी कशाकशाची? संमती, पात्रता, मुख्य निष्कर्ष आणि गंभीर घटना यांची शंभर टक्के. बाकीच्या चलांची यादृच्छिक निवडलेल्या दहा-वीस टक्के नोंदींत. ज्या केंद्रावर चुका जास्त, तिथे प्रमाण वाढवा.

महिन्यातून एकदा केंद्रांची तुलना करा. रक्तदाबाचे सगळे आकडे शून्याने संपतात का? हिमोग्लोबिन नेहमी .० किंवा .५ का? चाळीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत कशी झाली? सुट्टीच्या दिवशीच्या भेटी कितपत खऱ्या? यासाठी दोन राज्यांची सुट्ट्यांची दोन कॅलेंडरं लागतात. १ नोव्हेंबरला कर्नाटकात सरकारी सुट्टी असते, गडहिंग्लजला नसते. असं काही दिसलं की आरोप न करता केंद्रावर जा आणि काम होताना बघा. पुष्कळदा बीपीचं यंत्र बिघडलेलं असतं.

## टप्पा ९: प्रयोगशाळेचे आकडे

एककं हा इथला मुख्य घोळ. आपल्याकडच्या छोट्या प्रयोगशाळा प्लेटलेट 'दीड लाख' असे लिहितात, म्हणजे १.५, मोठ्या यंत्राचा अहवाल १५० म्हणतो, तिसरीकडे पूर्ण १५०००० येतं. तिन्ही आकडे एकच. म्हणून आकडा जसा छापलाय तसा एका चलात, एकक दुसऱ्यात, आणि रूपांतर डेटाबेसने करायचं. परिचारिकेला गुणाकार करायला लावू नका. साखर मिलिमोलमध्ये आली तर १८ने गुणून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये असेल तर ८८.४ने गुणून मायक्रोमोल प्रति लिटर.

प्रत्येक प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादा 'कुठल्या तारखेपासून लागू' यासह ठेवा. यंत्र बदललं की मर्यादा बदलतात आणि कोणी कळवत नाही. नमुना बेळगावला पाठवला असेल तर घेतल्याची वेळ, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि पेटीचं तापमान नोंदवा. महिन्याला पाठवलेले नि मिळालेले नमुने जुळवा.

## टप्पा १०: गंभीर घटना

नवीन औषधांच्या चाचण्यांना २०१९चे नियम लागू होतात. गंभीर प्रतिकूल घटना कळल्यापासून २४ तासांत संशोधकाने औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी यांना कळवायचं. सविस्तर अहवाल १४ दिवसांत. घड्याळ केंद्रावर चालू होतं, बेळगावला फोन आल्यावर नव्हे. म्हणून घटना कळल्याची तारीख आणि वेळ फॉर्मवर हवी.

सुरक्षेची फाइल आणि मुख्य डेटाबेस दर महिन्याला जुळवा: ओळख क्रमांक, घटनेचं नाव, सुरुवातीची तारीख, परिणाम, उपचाराशी संबंध. एकीकडे मृत्यू आणि दुसरीकडे 'भेटीला आली नाही' असं सापडतं; माहेरी झालेले मृत्यू आशा कार्यकर्तीकडून उशिरा कळतात. घटनांचे संकेतांक मेडड्रा या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञाकोशातून देणार असाल तर आवृत्ती ठरवा. ती वर्षातून दोनदा बदलते.

## टप्पा ११: मध्येच बदल करायची वेळ आली तर

येतेच. बदलाची विनंती लेखी, कारणासह. लागेल तिथे एथिक्स कमिटीची मान्यता. चाचणी-प्रतीवर करून पाहणं. सगळ्या केंद्रांना लागू होण्याची तारीख. शब्दकोशाचा नवा आवृत्ती क्रमांक. जुने छापील फॉर्म केंद्रावरून परत मागवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी ते वापरतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक ही: पर्याय १ सरकारी, २ खासगी, ३ इतर. 'ट्रस्टचा दवाखाना' हा पर्याय घालायचा आहे, म्हणून कोणीतरी ३ला ट्रस्ट करतं आणि इतर ४वर ढकलतं. त्या क्षणी जुन्या सगळ्या 'इतर' नोंदी ट्रस्टच्या झाल्या, कुठेही लाल खूण न येता. नवीन पर्यायाला नेहमी न वापरलेला नवा अंक द्या. नको असलेलं चल पुसू नका, लपवा.

## टप्पा १२: डेटा लॉक

क्रम असा:

१. शेवटच्या सहभागीची शेवटची भेट. सगळे फॉर्म आत आल्याची खात्री.
२. सगळ्या क्वेरी बंद. सुटतच नसलेल्या 'सोडवता येत नाही' या कारणासह बंद.
३. प्रयोगशाळा आणि गंभीर घटना यांची शेवटची जुळवणी.
४. घटनांचं संकेतांक-वाटप वैद्यकीय तज्ज्ञाने पाहिलेलं.
५. नियमभंगांची यादी अंतिम. कोणाला विश्लेषणातून वगळायचं, हे उपचार कुठला होता ते उघड होण्याच्या आधी ठरवायचं. नंतर ठरवलेलं कोणी मानणार नाही.
६. कच्चं लॉक: केंद्रांचे लिहिण्याचे अधिकार बंद, वाचण्याचे चालू. दोन आठवडे थांबा. याच काळात केंद्रांना राहिलेलं आठवतं.
७. यादृच्छिक निवडलेल्या नोंदींत चुकांची मोजणी. मुख्य चलांत एकही चूक नको. बाकीत दहा हजार चौकटींमागे ५०पर्यंत चालवून घेण्याची पद्धत आहे.
८. मुख्य संशोधक, संख्याशास्त्रज्ञ, डेटा मॅनेजर यांच्या सह्या, आणि पक्कं लॉक.
९. फाइल बाहेर काढून तिचा चेकसम, म्हणजे फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा, नोंदवा. विश्लेषणाच्या दिवशी तो जुळवा.

लॉक उघडावं लागलं तर पुन्हा तीन सह्या, कारण, बदललेल्या चौकटींची यादी. 'जरा एक आकडा बघू' म्हणून उघडायचं नाही.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. तिमाहीत एकदा त्यातून डेटा परत उभा करून पाहा. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. लॉक झाल्यावर डेटा सीएसव्हीमध्ये, शब्दकोश सगळ्या आवृत्त्यांसह, रिकामे फॉर्म दोन्ही भाषांत आणि क्वेरींचा इतिहास हे एकत्र ठेवा. प्रत्येक केंद्राला त्याच्या स्वतःच्या नोंदींची प्रत कराराप्रमाणे द्या आणि पोच घ्या. नावांची यादी यात घालायची नाही. ती केंद्रावरच, कुलपात, करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत.